उसना घाम

आईंचा बळांक अडतीसवरून छत्तीसवर आला, तेव्हा मी त्यांच्यासाठीच धावत होते.

धावपट्टीचा चढ सातवर होता. तोंडावर मुखवटा, दंडाला पट्टी. काचेपलीकडे जुईला कडेवर घेऊन यास्मिन मॅडम पडद्यावरचे आकडे बघत होत्या. यास्मिन मुलाणी आमच्या केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट. चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, पण जुईला थोपटणारा त्यांचा हात मध्येच थांबला आणि मला कळलं.

मी वेग कमी करायला गेले, तर त्यांनी बोटांनी खूण केली, अजून अकरा मिनिटं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, शैलजा धुमाळ. एसटीच्या शेवटच्या कंडक्टरांपैकी एक. सव्वीस वर्षं त्यांनी महाबळेश्वरच्या घाटात उभ्यानं तिकिटं दिली. मग बसच माणूस ओळखून परस्पर पैसे कापून घ्यायला लागली आणि आई घरी आल्या. दारूचा थेंब कधी घेतला नाही, तरी यकृत गेलं. अवेळचं जेवण, डेपोतले वडे, गोडमिट्ट चहा आणि वर्षानुवर्षं यकृतात साठत गेलेली चरबी. आता नवीन यकृत मिळणं एवढा एकच उपाय उरला होता.

ते घरातून मिळण्यासारखं नव्हतं. आईंचं रक्त बी गटाचं. प्रथमेशचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, माझ्या नवऱ्याचं, ए. माझं एबी. आमच्यापैकी कुणाचंच यकृत त्यांना चालणारं नव्हतं. म्हणून आईंचं नाव प्रतीक्षायादीत होतं. त्या यादीचा नियम मोठा विचित्र. यकृत जितकं बिघडेल तितकं नाव वर चढतं, पण अंगातली ताकद गेली की तेच नाव थांबवलं जातं. इतकी मोठी शस्त्रक्रिया खंगलेलं शरीर सोसत नाही, आणि मिळालेलं यकृत माणसासकट जातं. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या मांडीला एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. ती ध्वनिलहरींनी स्नायूची जाडी मोजते, दिवसभरातलं उठणं-बसणं टिपते आणि रोज सकाळी एक आकडा देते. तो बळांक. पस्तीसच्या खाली गेला की नाव स्थगित. एका बाजूला बिघडत जाणारं यकृत, दुसऱ्या बाजूला पस्तीस, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत आई चौदा महिने उभ्या होत्या.

घाम पुसत मी बाहेर आले. जुई दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावली. नऊ महिन्यांची होती तेव्हा.

"किती?" मी विचारलं.

"छत्तीस. केतकी, तुमच्यात काही कमी नाही. तुमचं रक्तद्रव आम्ही प्रत्येक वेळी तपासतो, उत्तम आहे. पण दहा आठवड्यांत काकूंचा आकडा वर जायला हवा होता."

आता हे माझं धावणं, म्हणजे श्रमदान, काय ते सांगायला हवं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, पण आमच्या साताऱ्यात सगळे श्रमदानच म्हणतात. स्नायू जोरानं काम करतात तेव्हा ते रक्तात काही प्रथिनं सोडतात. ती शरीरभर निरोप देत फिरतात, की इथे काम चाललंय, स्नायू मोडू नका. आजारी माणसाला तासभर धावता येत नाही. मग दुसऱ्यानं धावायचं. धावून झालं की यंत्र त्याचं रक्त घेतं, लाल पेशी परत देतं आणि वरचं पिवळसर पाणी, म्हणजे रक्तद्रव, ठेवून घेतं. ते आजाऱ्याला चढवलं की निरोप पोचतो. रक्तद्रवाचे नियम यकृताच्या बरोबर उलटे असतात. माझं यकृत आईंना चालत नव्हतं, पण एबी गटाचं रक्तद्रव कुणालाही चालतं. बाळंतपणानंतर काहींच्या रक्तात घातक प्रतिद्रव्यं राहतात, ती माझ्यात निघाली नाहीत. बाळ सहा महिन्यांचं होऊन वरचं खायला लागलं की आईला श्रमदान करता येतं, असा नियम होता. जुई सहा महिन्यांची झाली आणि दोन आठवड्यांत मी धावपट्टीवर चढले. मंगळवार आणि शुक्रवार.

प्रथमेशचं ए गटाचं रक्तद्रव आईंना चालत नव्हतं. हे त्याच्या मनाला फार लागलं होतं, पण तो तसं बोलून दाखवत नसे.

घरी आल्यावर मी त्याला आकडा सांगितला. तो एसटीच्या चार्जिंग डेपोत कामाला. नुकताच येऊन हात धूत होता. पाणी बंद करून तो तसाच बेसिनपाशी उभा राहिला.

"तू पूर्ण वेळ धावतेस ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे मध्ये जुई रडली, थांबावं लागलं, असं..."

"यंत्र मोजतं, प्रथमेश. तुला कागद आणून दाखवू?"

"तसं नाही गं. मी फक्त विचारतोय."

"दहा आठवड्यांत पहिल्यांदाच विचारतोयस, आणि हे विचारतोयस."

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला, "काय झालं रे?"

"काही नाही आई, तू पड." त्यानं टॉवेल खुंटीला लावला आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आठवड्यातून तीनदा केलं तर?"

मी जुईचं झबलं बदलायला घेतलं. त्याला न सांगितलेली एक गोष्ट माझ्याकडे होती. जुई माझ्यापासून तोंड फिरवायला लागली होती. रोज नाही, दर शनिवारी. शनिवारी मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस जाते. दोनला घरी येते तेव्हा छाती दगडासारखी झालेली असते, आणि ही पोरगी तोंड लावते न लावते तोच मान वळवते. शुक्रवारी धावते म्हणून दुधाची चव बदलत असेल, असं मला वाटायचं. यास्मिन मॅडमनी सांगितलं होतं की तसं काही होत नाही. पण पोर आपल्याकडे पाठ करतं तेव्हा शास्त्र आठवत नाही. तीनदा धावायचं तर तिचं दूध तोडावंच लागणार होतं.

सोमवारी मॅडमनी मला एकटीला बोलावलं. त्यांनी आठवड्याच्या सरासरीऐवजी रोजचे आकडे उघडले होते. रेघ शुक्रवारपर्यंत नीट चालत यायची आणि रविवारी सकाळी खड्ड्यात पडायची. पुढे चार दिवस वर चढायला लागायचे. दहाही आठवडे तेच.

"शनिवारी काय होतं घरी?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. मी दोनपर्यंत नसते. प्रथमेशला सुट्टी असते, तोच जेवायला वाढतो."

"ताट रिकामं परत येतं?"

"येतं की."

त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "हे बघा, निरोगी माणसाचं यकृत म्हणजे घरातली साखरेची कोठी. रात्री पोट रिकामं असतं तेव्हा ती उघडते. काकूंची कोठीच मोडलीय. त्यांना एक रात्र उपाशी काढणं म्हणजे तुम्हाआम्हाला तीन दिवस उपाशी राहणं. मग शरीर स्नायू मोडून जाळतं. म्हणून तर झोपताना खिरीची वाटी सांगितलीय. तुमचं रक्तद्रव म्हणजे नुसती चिठ्ठी, भिंत बांधा म्हणून सांगणारी. विटा जेवणातून यायला हव्यात. शुक्रवारी चिठ्ठी पोचतेय आणि शनिवारी विटाच नाहीत, असं दिसतंय."

"तुम्ही हे वर कळवणार?"

"आकडा पस्तीसच्या खाली गेला तर मला कळवावंच लागेल. आणि रुग्ण पथ्य पाळत नाही असं लिहिलं, तर नाव तीन महिने थांबतं." त्यांनी पडदा बंद केला. "काकूंकडे तीन महिने नाहीत. पुढच्या सोमवारी मी पुन्हा बघणार आहे. तोवर घरात बघा."

त्या शनिवारी मी साडेअकरालाच घरी आले. प्रथमेश बाहेरच्या खोलीत मोबाइल छातीवर ठेवून झोपला होता. आईंच्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

आई कॉटवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मांडीत जुई. समोर त्यांच्या नावाची स्टीलची वाटी, तीत नाचणीची खीर. चमचा जुईच्या तोंडाशी. पोरीच्या हनुवटीवर, बाह्यांवर, केसांतसुद्धा खीर. उशीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेली भाकरी आणि उकडलेली दोन अंडी.

मला बघून आईंनी चमचा खाली ठेवला. जुई त्या चमच्याकडे हात करून ओरडायला लागली.

मी दार आतून लावलं. "हे दर शनिवारी?"

"पोर भुकेली होती."

"आई, मी पोरीचं विचारत नाही. ही भाकरी कुणाला?"

"शेजारच्या मारुतीपाशी गाय बांधलेली असते. प्रथमेश झोपला की हळूच देऊन येते. तेवढंच चालणंही होतं." मग स्वतःलाच हसू आल्यासारखं त्यांनी तोंड पुसलं. "अंडी कुत्र्याला. रात्रीचंही तसंच."

मी कॉटच्या कडेला बसले. अडीच महिने मला वाटत होतं की माझं दूध आटलं, माझ्या पोरीला मी नकोशी झाले. आणि ही माझी पोरगी आजीच्या विटा खाऊन पोट भरत होती.

"तुम्ही डॉक्टरांसमोर कबूल केलं होतंत. उपवास बंद म्हणून."

"मारुतीचा बंदच केलाय. त्याला सांगून सोडलाय."

"मग हा कुणाचा?"

आईंनी जुईला कॉटवर ठेवलं. पोर गादीवर रांगत चमच्याकडे निघाली.

"केतकी, फोन येणार म्हणजे काय होणार, ठाऊक आहे का तुला?"

"यकृत मिळालं असा निरोप येईल."

"कुणीतरी रस्त्यावर पडणार. डोक्याला मार लागणार. सव्वीस वर्षं घाटात होते मी. गाड्या थांबवून माणसं काढलीयत दरीतून, या हातांनी. आता रोज उठून मी काय मागते? तर तसलंच एखादं माणूस. चांगलं, धडधाकट, बी गटाचं." त्यांनी हात मांडीवर ठेवला, पट्टी होती तिथं. "त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येतील आणि तो कुणाच्या घशाखाली उतरणार नाही. आणि मी इकडं खाऊनपिऊन तयार. म्हटलं, आठवड्यातला एक दिवस आपणही चूल विझवावी. आधीच. नंतर कदाचित जमायचं नाही."

रडू नये म्हणून मी रागावले. तेवढंच हाताशी होतं.

"आई, मी धावते तेव्हा जुई काचेपलीकडून रडते. तिचा आवाज मला ऐकू येत नाही, फक्त तोंड दिसतं. तरी मी थांबत नाही. तुम्ही उपाशी राहता तेव्हा माझी ती धावलेली पंचेचाळीस मिनिटं जळतात. तुमच्या अंगचं आता उरलंय किती? जळतंय ते माझं आहे."

आईंनी वाटी बाजूला सरकवली.

"उद्या सकाळी आकडा पुन्हा खड्ड्यात जाईल. सोमवारी मॅडम लिहितील. मग फोन यायचाच नाही. म्हणजे ते माणूस जाणारच, त्याचं यकृत दुसऱ्याला जाणार, आणि आमच्याही घरची चूल विझणार. एका घराऐवजी दोन."

"असं तोंडावर बोलतेस?"

"हो."

दारावर टकटक झाली. प्रथमेश झोपेतून उठून आला होता. मी कडी काढली. त्यानं वर्तमानपत्रातली भाकरी बघितली, खिरीनं माखलेली जुई बघितली. आईंनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, तसंच, एकेक शब्द. ऐकता ऐकता तो खाली जमिनीवर बसला. त्याच्याच पहाऱ्यात, त्याच्याच सुट्टीच्या दिवशी हे चाललं होतं, आणि संशय त्यानं माझ्यावर घेतला होता. मी त्याला ते ऐकवलं नाही. ऐकवायची गरजही नव्हती.

"हा उपवास मोडता येत नाही का?" त्यानं विचारलं.

"मनात धरलेला आहे. कसा मोडायचा?"

"दुसऱ्यानं धरला तर? आजी आजारी पडली तेव्हा तिच्या एकादश्या तूच धरल्या होत्यास ना?"

आईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "तू धरणार? अकराला नाश्ता नाही मिळाला तर डोकं धरून बसतोस तू."

"केतकी धावते. मी उपाशी राहतो."

"पाण्यावर राहावं लागतं. साबुदाणा, रताळी, शेंगदाणे, काही नाही."

"शेंगदाणेपण नाहीत?"

"चूल विझलेल्या घरात शेंगदाणे कोण भाजतं रे?"

प्रथमेशनं मान हलवली. मग वर्तमानपत्र उलगडून त्यानं भाकरी आईंच्या ताटात ठेवली, अंडी सोलली. आई पहिला घास हातात धरून बराच वेळ बसल्या. मी समोरून हलले नाही. शेवटी त्यांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिल्या.

सोमवारी आकडा पस्तीस होता. मॅडमनी काही लिहिलं नाही. पुढच्या रविवारी पहिल्यांदाच खड्डा पडला नाही. पाचव्या आठवड्याला अडतीस. शनिवारी संध्याकाळी प्रथमेश चिडका व्हायचा, कुकरची शिट्टी झाली की उठून बाहेर जायचा, पण त्यानं एकही शनिवार सोडला नाही. जुई शनिवारीही भुकेनं रडत माझ्याकडे यायला लागली. मी दोनदाच धावत राहिले.

फोन आला तो शनिवारीच, सकाळी पावणेदहाला. बी गटाचं यकृत होतं, चार तासांत पुण्यात पोचायचं होतं. मी प्रयोगशाळेतून परस्पर गाडीत बसले. आई मागच्या सीटवर जुईला धरून होत्या. गाडी खंबाटकीच्या बोगद्यात शिरली.

"काय वय असेल?" आईंनी विचारलं.

"ते सांगत नाहीत, आई."

रुग्णालयात शिरताना पुन्हा परीक्षा असते. पट्टीचा आकडा एकटा धरत नाहीत. मूठ आवळायची, एका पायापुढे दुसरा ठेवून तोल सांभाळायचा आणि हात छातीशी घेऊन खुर्चीतून पाच वेळा उठायचं. तिन्हींचा हिशोब पट्टीशी जुळवून शेवटचा बळांक ठरवतात. एका यकृतासाठी दोघांना बोलावतात. पहिल्याचा बळांक कमी भरला तर दुसरा. दुसरा शेजारच्याच बाकावर होता. बारामतीकडचा चाळिशीतला माणूस, गालफडं बसलेली, पायावर सूज. शेजारी त्याची बायको, मांडीवर घडी केलेली शाल.

मूठ बरी भरली. तोल चांगला राहिला. मग खुर्ची.

एक. दोन. अडीच तास गाडीत बसून आईंचे पाय सुजले होते. तिसऱ्यांदा उठताना त्यांच्या कपाळावर घाम आला. मी माझ्याही नकळत मांड्या आवळल्या होत्या. चौथ्यांदा त्या अर्ध्यावर अडकल्या. ना वर, ना खाली. नर्सच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. बाकावरचा माणूस त्यांच्याकडे बघत होता आणि त्याची बायको बघत नव्हती. आईंचे गुडघे हलले, पदर खांद्यावरून घसरला, पण छातीवरचे हात त्यांनी सोडले नाहीत. मग हळूहळू त्या वर आल्या. पाचव्यांदा उठल्या तेव्हा त्यांच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

"छत्तीस," नर्स म्हणाली. "घ्या आत."

प्रथमेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेजारच्या बाकावर त्या बाईनं शाल पिशवीत घातली.

ढकलखुर्चीत बसवल्यावर आईंनी माझा हात ओढला. श्वास अजून जागेवर नव्हता. "त्याचंही बीच असणार."

"हो. म्हणून तर बोलावलं."

"म्हणजे तुझा घाम त्याला चालेल. मला आता लागायचा नाही. तू त्याच्यासाठी..."

"नाही, आई."

त्यांनी मान वर केली. सात वर्षांच्या संसारात मी त्यांना असं तोडून कधी बोलले नव्हते.

"आता जुईचे दिवस आहेत," मी म्हणाले. "मला तिच्यासाठी थोडी उरू द्या."

त्यांनी पदर सावरला. मग माझ्या मनगटावर दोनदा थोपटलं. "बरं," म्हणाल्या. खुर्ची वळली, दार उघडलं, मिटलं.

आठ तास तरी लागणार होते. प्रथमेश पाण्याची बाटली घेऊन बाकावर बसला. घरून आणलेला डबा त्यानं उघडला नाही, मीही त्याला खा म्हटलं नाही. जुई कुरकुरायला लागली, तशी ओढणीखाली घेऊन मी तिला पाजायला बसले, नेमकी त्या बाईशेजारी. तिचा नवरा गाडी यायची वाट बघत मान टाकून बसला होता.

"किती आला यांचा?" मी विचारलं.

"पस्तीस." तिचे डोळे कोरडे होते. "मागच्या महिन्यात एकोणचाळीस होता. सगळं करतोय हो आम्ही. मी संकष्टी धरलीय, यांनीही धरलीय. पाच घरचे नवस झाले."

"आणि झोपताना काय देता खायला?"

"डॉक्टर म्हणतात द्या काहीतरी. यांना इच्छाच नसते. मग मीपण म्हणते, राहू दे, पोटाला विश्रांती." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमच्या सासूबाईंना ते श्रमदान होतं ना? आमच्याकडे कुणाचाच गट जुळत नाही. त्याचं कुठे विचारायचं?"

मी जुईला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि बाकावर तिच्याजवळ सरकले.

"ते सांगते," मी म्हणाले. "आधी मला दाखवा, यांना आत्ता खायला काय आणलंय."